एका दिवसाचा दात आणि ओठ मिटलेले फोटो

“मूळ शाबूत आहे मॅडम, वरचा दात मात्र गेला,” असं म्हणून डॉक्टरांनी माझ्या हातात आरसा दिला.

मी पाहिलं. वरच्या ओळीतला समोरचा उजवा दात हिरडीलगत तुटून गेला होता. जेमतेम खुंट उरला होता. त्या एका फटीमुळे माझा चेहरा मलाच ओळखू येईना. मी आरसा उलटा करून मांडीवर ठेवला आणि विचारलं, “आता पुढे काय काय करायचं, क्रमाने सांगा.”

मी एका कॉलेजच्या ऑफिसात अधीक्षक आहे. काहीही झालं तरी पुढे काय करायचं हे आधी विचारायची मला सवय आहे. हा अनुभव लिहितेय तोही त्याच सवयीने. माझ्या वयाला दात तुटणाऱ्या बायका कमी नसतील, आणि त्यांतल्या काही माझ्यासारख्या घरात एकट्याही असतील.

दात आदल्या संध्याकाळी तुटला. मैसूरमधल्या चामराजपुरम भागात आमच्या घरी मी ओट्यापाशी उभी राहून कोडबळं खात होते. कोडबळं म्हणजे तांदळाच्या पिठाचं तळलेलं कडक कडं. आई गेल्यापासून मी बसून खाणं जवळजवळ सोडलंच आहे. एकटीसाठी पाट-ताट कशाला? कट असा आवाज झाला, आणि तो कोडबळ्याचा नव्हता.

दुखलं अजिबात नाही. या दाताचं तरुणपणी रूट कॅनाल झालं होतं. रूट कॅनाल म्हणजे दाताच्या आतली नस काढून ती पोकळी भरून टाकणं. असा दात दुखत नाही, पण वाळलेल्या काटकीसारखा ठिसूळ होतो. कधीतरी तो मोडणार हे मला तेव्हाच सांगितलेलं होतं. मी ते लिहूनही ठेवलं होतं.

दात तुटल्यावर मी काय केलं? चूळ भरली. जमीन झाडली. ओटा पुसला. तुटलेला तुकडा कागदात नीट गुंडाळून कचऱ्याच्या डब्यात टाकला. सकाळी गाडी आली, कचरा गेला, आणि मी रिक्षाने अग्रहारातल्या दवाखान्यात आले.

“तुकडा आणलाय का?” डॉक्टरांनी विचारलं. मी सगळं सांगितलं. त्या तरुण आहेत, त्यांना हसू आवरलं नाही. “इतकं नीटनेटकं कशाला राहायचं मॅडम?” म्हणाल्या. तर पहिली गोष्ट ही की तुकडा टाकू नका. दुधात किंवा पाण्यात घालून सोबत न्या. कधी तोच परत चिकटवता येतो. ते जमलं नाही, तरी दात कसा होता हे निदान त्याच्यावरून कळतं. या दुसऱ्या गोष्टीचं महत्त्व मला त्या दिवशी दुपारी समजलं.

डॉक्टरांनी दोन मार्ग सांगितले. दोन्हींत सुरुवात सारखीच. दाताच्या मुळात एक बारीक काडी बसवायची, तिला पोस्ट म्हणतात. तिच्याभोवती दाताच्या रंगाचं मटेरियल भरून छोटा खांब उभा करायचा, तो कोअर. त्या खांबावर टोपीसारखा बसतो तो क्राउन, ज्याला आपण कॅप म्हणतो. फरक असतो तो ही कॅप कोण बनवतं, कुठे बनवतं आणि किती वेळात, यात.

जुनी पद्धत मला माहीत होती. आई होती तेव्हा माझ्या दाढेला अशीच कॅप बसली होती. तोंडात पत्र्याचा ट्रे घालतात, त्यात थंडगार लगदा असतो. तो घट्ट होईपर्यंत नाकाने श्वास घ्यायचा आणि उलटी येऊ द्यायची नाही. हा साचा लॅबला जातो, तिथला तंत्रज्ञ हाताने कॅप घडवतो. तोवर तात्पुरती कॅप लावतात. ती चिकट खाल्लं की सुटते. माझी दोनदा सुटली. मग कॅप येते, जरा उंच बसते, परत जाते, पुन्हा येते.

त्या सगळ्या वाट बघण्यात आईची सोबत होती. तेव्हा ती अंथरुणाला खिळलेली होती आणि तिला वाट बघायला काहीतरी हवंच असायचं. संध्याकाळी मी दारात पाऊल टाकलं की आतून आवाज यायचा, “आला का गं तुझा दात?” एखादा पाहुणा गाडीने यायचा असावा तसा. नाही म्हटलं की तीच माझी समजूत काढायची, “येईल, येईल. लांबून यायचंय त्याला.” दात आला त्या दिवशी तिने मला तोंड उघडायला लावून बॅटरीने पाहिला होता.

दुसरी पद्धत नवी, त्याच दिवशी दात देणारी. इंट्राओरल स्कॅनर नावाचा पेनासारखा कॅमेरा तोंडात फिरवतात आणि दातांचं चित्र पडद्यावर उमटतं. त्या चित्रावर डॉक्टर दाताचा आकार ठरवतात, आणि शेजारच्या खोलीतलं मशीन पोर्सेलीनसारख्या ठोकळ्यातून तो कोरून काढतं. ट्रे नाही, लगदा नाही, तात्पुरती कॅप नाही. सकाळी जायचं, संध्याकाळी दात घेऊन घरी.

डॉक्टर प्रामाणिक होत्या. त्यांनी सांगितलं की समोरच्या दाताला लॅबचा चांगला तंत्रज्ञ थरावर थर देऊन जो जिवंतपणा आणतो, तो एका ठोकळ्यातून कोरलेल्या दातात आणणं अवघड असतं. दात हिरडीच्या फार आत तुटला असेल, किंवा बरेच दात एकत्र करायचे असतील, तर त्या स्वतःच लॅबकडे पाठवतात. माझं दोन्हींनी होण्यासारखं होतं. “घाई आहे का?” त्यांनी विचारलं.

घाई नव्हती. शनिवार होता, रजा घेतलेली होती. पण “आला का दात” असं विचारणारं कुणी नसताना वाट बघत राहायची माझी तयारी नव्हती. फट घेऊन ऑफिसात बसायचं, तात्पुरती कॅप सुटली की पुन्हा यायचं, आणि हे कुणालाही न सांगता. मी म्हटलं, “आजच करून टाका.”

बाहेर काउंटरवरच्या मुलीने नाव, वय, औषधं विचारली आणि मग सहज म्हणाली, “जोतेगे यारु?” सोबत कोण आहे? मी म्हटलं, “यारू इल्ला.” कुणी नाही. तिने मान डोलावली आणि पुढचा प्रश्न विचारला. तिच्यासाठी ते रोजचंच होतं. मीही आईला घेऊन किती दवाखाने फिरले, या प्रश्नाचं उत्तर तेव्हा मीच असायचे.

हिरडी बधिर करण्याचं इंजेक्शन दिलं. पोस्ट बसली, कोअर झाला. हे दोन तास तोंड उघडून पडून राहणं सोपं नाही, जबडा भरून येतो. मध्ये मध्ये तोंड मिटायला मागा, त्यात संकोच नको. मग “आ माडी”, आ करा, म्हणत डॉक्टरांनी स्कॅनर फिरवला आणि बघता बघता माझे सगळे दात पडद्यावर आले. हिरड्यांसकट, गुलाबी, ज्यांच्यामागे कुणी माणूस नाही असे.

समोरचा एक दात तुटला की त्याच्या जोडीदाराची आरशातली प्रतिमा काढून बसवायची, ही नेहमीची रीत. डॉक्टरांनी ती काढली. ती फटीत मावेना. जागा कमी पडत होती.

“तुमचा दात जरा वळलेला होता ना?” त्यांनी विचारलं.

“होता.”

“कुठल्या बाजूला? आतली कड पुढे होती की बाहेरची?”

मला सांगता येईना. ऑफिसातली कुठली फाईल कुठल्या कपाटात आहे ते मी डोळे मिटून सांगते. जो दात आयुष्यभर तोंडात होता, तो कसा वळला होता ते मला आठवेना. मी जिभेने चाचपून पाहिलं. तिथे आता खांब होता.

“हरकत नाही. दात दिसतायत असा एखादा फोटो दाखवा,” डॉक्टर म्हणाल्या. “हसतानाचा.”

मी फोन काढला. माझ्या फोनमध्ये फोटो पुष्कळ आहेत. विजेच्या मीटरचे. गॅसच्या पावतीचे. आईच्या गोळ्यांच्या पाकिटांचे, पुढून आणि मागून, म्हणजे दुकानदाराला नाव नीट वाचता यावं. प्लंबरने बदललेल्या नळाचे. मी कुठेच नाही. असणार कशी, फोटो काढणारी मीच.

घरी अल्बम आहेत, वर्षवार लावलेले. पण त्यांचा उपयोग नव्हता. आमचं घराणं मैसूरच्या जुन्या फौजेतलं. आयुधपूजेच्या सकाळी पणजोबांची तलवार घासूनपुसून मांडायची, फुलं वाहायची आणि तिच्यामागे सगळ्यांनी ओळीने उभं राहून फोटो काढायचा, हा रिवाज वडिलांनी शेवटपर्यंत पाळला. मान ताठ, हात बाजूला, ओठ मिटलेले. कुणी फिसकन हसलं की वडील म्हणायचे, “आधी उभे राहा. हसायचं ते नंतर हसा.” दरवर्षीचा दसरा त्या अल्बमांत आहे आणि एकाही फोटोत कुणाचा दात नाही. पुढे घराबाहेरही मी कॅमेरा दिसला की ओठ मिटते. ऑफिसच्या समारंभात मिटलेले, आधार कार्डावर मिटलेले.

“घरी कुणाकडे तरी असेलच की,” डॉक्टर म्हणाल्या.

मी फोन मांडीवर पालथा ठेवला. त्यांनी जरा थांबून दोन पर्याय दिले. एक, दात अरुंद आणि सरळ करायचा. “सुंदर दिसेल. पुष्कळ लोक मुद्दाम सरळ करून मागतात.” दोन, आज तात्पुरती कॅप लावायची आणि फोटो सापडला की पुढच्या आठवड्यात यायचं.

दुसऱ्या पर्यायात माझी सुटका होती. आठवडाभर शोधल्यासारखं करायचं, मग नाही सापडला म्हणायचं, आणि सरळ दात घेऊन टाकायचा. जुनी पद्धत असती तर मी हेच केलं असतं, हे मी अगदी खात्रीने सांगते. पण इथे पडद्यावर माझे दात उघडे पडले होते, मधली जागा रिकामी होती, आणि डॉक्टर माउसवर हात ठेवून माझ्याकडे बघत होत्या. सरळ म्हटलं असतं तर त्याच क्षणी झालं असतं. आणि तेव्हा मला कळलं की मला तो सरळ नको आहे.

मी शिवमोग्ग्याला लीलाला फोन लावला. लीला माझ्या धाकट्या भावाची, मोहनची बायको. आमचं भांडण वगैरे काही नाही. आई होती तोवर रोज फोन व्हायचा, औषधं, नर्सची पाळी, डॉक्टर काय म्हणाले, एवढंच बोलणं. आई गेली आणि बोलायचं कारण संपलं. घरातलं मराठीही तेव्हाच थांबलं. ऑफिसात कन्नड, बाजारात कन्नड. माझं मराठी आता मी लिहिते त्या याद्यांपुरतं उरलंय.

दुसऱ्याच रिंगला फोन उचलला गेला.

“अय्यो अक्का, काय झालं? कोण गेलं?”

“कुणी नाही गेलं. दात गेला.” ओठ बधिर होता, शब्द फुसफुस येत होते.

“दात? सुम्ने, उगाच भिववलंत बघा! मी चपाती तव्यावर सोडून पळत आले.”

“चपाती आधी उतरव. आणि माझा एक फोटो हवाय, हसतानाचा. आत्ता. मी डॉक्टरांकडेच आहे.”

पलीकडे गॅस बंद केल्याचा आवाज आला. मग लीला म्हणाली, “अक्का, रागावू नका. तुम्ही हसता तेव्हा मी फोन हातात घेईपर्यंत ते संपलेलं असतं.”

फोन स्पीकरवर होता. डॉक्टर खिडकीबाहेर बघू लागल्या.

“थांबा, थांबा,” लीलाच म्हणाली. “तलकाडचा आहे एक. आई वाळूत बसल्या नाहीत का? तो. कट करू नका हं, बघते.”

तलकाडला कावेरीकाठी वाळूत गाडली गेलेली देवळं आहेत. आई हिंडती-फिरती होती तेव्हा आम्ही सगळे गेलो होतो. कुठलं देऊळ आधी, कुठलं नंतर, जेवण कधी, परतायचं कधी, सगळं मी आखलं होतं. वाळूत आईची चप्पल रुतली. मी म्हटलं, आई, चल, उशीर होतोय. ती चपलेशेजारी मांडी घालून बसली आणि म्हणाली, “देवळं इतकी वर्षं वाळूत बसलीत, त्यांना कुणी उशीर म्हणत नाही. मी थोडी बसले तर तुझं काय गं बिघडतं?”

फोटो आला. आई वाळूत बसलेली, तोंड उघडून मनसोक्त हसणारी. मी तिच्या शेजारी वाकलेली, मीही हसतेय. पण सवयीने हात तोंडावर गेलाय. बोटांच्या मधून माझ्या दाताची एक कड तेवढी दिसतेय.

डॉक्टरांनी फोटो मोठा केला, आणखी मोठा केला. “ही कड बाहेरची. म्हणजे बाहेरची पुढे होती. पण किती, ते दिसत नाही.” मग त्यांचं बोट पडद्यावर जरा सरकलं. “या कोण?”

“आई.”

“मॅडम, यांचाही तोच दात, तसाच वळलाय.”

मला हे माहीत होतं आणि मी ते विसरले होते. लहानपणी सगळे म्हणायचे, आईचा दात घेऊन आलीय. पुढे आईचे दात एकेक करून गेले आणि कवळी आली. कवळीतले दात सरळ, ओळीत. ते आम्हाला नवं वाटलं आणि मग तेच सवयीचं झालं. तो वळलेला दात तेव्हापासून फक्त माझ्या तोंडात होता, तोही मिटलेल्या ओठांमागे. आणि आदल्या संध्याकाळी मी तो कागदात गुंडाळून टाकून दिला होता.

“कड जुळतेय,” डॉक्टर दोन्ही चेहरे बघत म्हणाल्या. “अम्मांचा बघून करू?”

मी मान डोलावली.

मशीन मी काचेतून पाहिलं. ठोकळा निळसर जांभळा असतो. दोन बारीक सुया दोन्ही बाजूंनी पाणी उडवत त्याला कोरतात. जांभळा दात बाहेर आला तो बशीतल्या द्राक्षाच्या बीसारखा दिसत होता. मग तो भट्टीत जातो, तिथे पक्का होतो आणि त्याला दाताचा रंग येतो. त्याआधी डॉक्टरांनी मला खिडकीपाशी नेऊन उजेडात रंगाच्या पट्टीशी शेजारचा दात ताडून पाहिला आणि ब्रशने किंचित पिवळट छटा दिली. हे काम दोन्ही पद्धतींत माणसाचंच.

दात सिमेंटने बसवला. दात मिटवून पाहिले, दात कुठे टेकतो ते दाखवणारा निळा कागद चावला, जिथे लागत होतं तिथे घासलं. आरसा पुन्हा हातात आला. या वेळी मी तो उलटा ठेवला नाही.

रिक्षाने घरी आले. कुलूप काढलं. बधिर ओठ हळूहळू जागा होत होता, मुंग्या येत होत्या. दारातच क्षणभर थांबले. आतून कुणी काही विचारलं नाही. हे लिहिताना ते टाळता आलं असतं, पण खरं ते लिहायला हवं. नवी पद्धत त्रास वाचवते, फेऱ्या वाचवते. दाताची बातमी सांगायला घरात माणूस नसतं, त्यावर मात्र तिच्याकडे काही नाही.

पाणी प्यायले आणि फोन वाजला. लीला, व्हिडिओ कॉल. मी सहसा तो उचलत नाही.

“दाखवा.”

“बसलाय व्यवस्थित. काही त्रास नाही.”

“अक्का, रिपोर्ट नको. तोंड उघडा.”

मी उघडलं. लीलाने पाहिलं. मग मान मागे वळवून तिने हाक मारली, “अहो, इकडे या! बेगा या, लवकर! आईंचा दात बघा.”

मोहन आला, चष्मा पुसून फोनच्या अगदी जवळ आला, म्हणून मला त्याचं फक्त नाक दिसत होतं. “अरे,” तो म्हणाला, आणि पुन्हा चष्मा पुसू लागला.

सोमवारी ऑफिसात कुणाच्या काही लक्षात आलं नाही. डॉक्टर म्हणाल्या होत्या की काम चांगलं झाल्याची हीच खूण. त्यांचे आभार मी तिथे नीट मानले नव्हते, ते इथे मानते. लीलाचे मानले तर ती चिडेल.

तुमच्यावर अशी वेळ आली तर दोन्ही पद्धती समजून घ्या. दात कुठे तुटलाय त्यावर निवड ठरते, फक्त वेळेवर नाही. पोटभर खाऊन जा. रोजची औषधं सांगा. दाताचा तुकडा न्या. आणि दात शाबूत आहेत तोवर हसतानाचा एक फोटो काढून घ्या. मी तो स्वतःचा स्वतः काढून पाहिला, बरेचदा. जमत नाही. फोन हातात धरून स्वतःकडे बघितलं की मला हसू येत नाही. समोर कुणीतरी लागतं.

या दसऱ्याला मी लीला आणि मोहनला बोलावलंय. तलवार मी घासून ठेवीन, फोटो लीला काढेल. तिला सांगून ठेवलंय, आधी हसवायचं. उभे आम्ही नंतर राहू.